मोगऱ्याचा रोवणा

कॉलेजातली फुलझाडं मागून पुढे हलवायचं ठरलं त्या सभेला मी हजर होतो. सचिव म्हणून कार्यवृत्त मीच लिहीत होतो आणि माझ्या अक्षराचं त्या दिवशी कौतुकही झालं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी इतरांना नावं ठेवू लागलो की माझी जागा कुठली हे वाचकाला माहीत असेल.

आमचं कॉलेज सिंदेवाहीकडच्या धानाच्या पट्ट्यात आहे. इमारतीसमोर मुरमाचं उघडं मैदान, त्यात एक झेंड्याचा ओटा, आणि प्रवेशाच्या दिवसांत गुटख्याच्या पुड्या. फुलं होती ती मागे, विहिरीला लागून. कर्दळ, निशिगंध, शेवंती, पांढरी लिली, आणि कोपऱ्यात छातीएवढा उंच मोगरा. या वाफ्याची कॉलेजच्या कागदपत्रांत कुठेही नोंद नव्हती. माळ्याचं पद मंजूर नव्हतं. कमळाबाई कागदावर शिपाई होत्या; घंटा वाजवायच्या, पाणी भरायच्या, फायली पोचवायच्या आणि उरलेल्या वेळात हा वाफा करायच्या. सोळा वर्षं केला.

एकतीस जुलैला त्या निवृत्त होणार होत्या. जूनच्या सभेत निरोप समारंभाचा विषय निघाला. शाल किती रुपयांपर्यंतची घ्यावी यावर चर्चा सुरू होती, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या कमळाबाई दारातच थांबल्या.

"मले शाल नोको जी," त्या म्हणाल्या. "घरी तीन पडल्या हायत, उंदरं खाऊन राह्यले. द्याचाच हाय त मांगचा मोगरा द्या. मुळासकट."

प्राचार्य खुशालराव मोकळेपणाने हसले. खुशालराव वाणिज्याचे डॉक्टर, पण मनाने आणि सोळा एकरांनी धानवाले. "दिला, बाई! एक मोगरा काय घेऊन बसल्या? दिला म्हणजे दिला. सर, लिहा."

मी लिहिलं. ठराव क्रमांक सात, सर्वानुमते मंजूर.

नंतर विहिरीपाशी मी कमळाबाईंना म्हटलं, "एवढं मोठं झाड कशाला ओढून नेता? एक फांदी मातीत दाबा, मुळं फुटली की घेऊन जा."

त्यांनी माझ्याकडे, मी राज्यशास्त्र शिकवतो हे माहीत असलेला माणूस जसा पाहतो, तसं पाहिलं. "माह्या मायच्या आंगणातला हाय हा. तिथून फांदीच आणली होती. भावानं घर पाडलं, गाळे काढले, तिथला मोगरा गेला. आता हाच हाय. अजून फांदी लावू, तिले चार वर्सं घालू, आन् मंग फुलं पाहाले मी असन का नसन? पौर्णिमेले विहारात याचीच फुलं जातेत, सर. टोपलीभर. मले हाच पायजे."

माघापासूनच त्यांची तयारी चालली होती. बुंध्यापासून हातभर अंतरावर अर्ध्या बाजूने त्यांनी सब्बलीनं चर खणला होता, त्या बाजूची मुळं तोडून त्यात पालापाचोळा भरला होता. दुसरी बाजू ज्येष्ठात. "एकदम तोडलं त झाडाले धसका बसते," त्या म्हणाल्या. "अर्धं तोडाचं. मंग ते आंतल्या आंत नवीन मुळ्या काढते. मंग उरलेलं अर्धं. मानसालेबी असंच रिटायर कराले पायजे, पण तुमचे सायेब एकाच दिवशी करतेत."

पावसाची झड लागली की मोगरा छाटायचा, मातीच्या गोळ्यासकट उचलायचा, ओल्या पोत्यात बांधायचा आणि चार माणसांनी गाडीत ठेवायचा. घरी दाराशी खड्डा खणून झाला होता. दिवसही ठरला होता, जुलैचा तिसरा रविवार.

जुलैच्या दोन तारखेला पत्र आलं. कॉलेजची तपासणी करायला तीन जणांची समिती सत्तावीस तारखेला येणार होती.

अशा पत्रानंतर कॉलेजात जे होतं ते पाहिलेल्या माणसाला भूक लागत नाही. तीन वर्षं न झालेल्या सभांची कार्यवृत्तं तीन दिवसांत झाली. बंद पडलेल्या मंडळांना अध्यक्ष मिळाले. एका मृत प्राध्यापकांनी मार्गदर्शन केल्याचं निघालं, तेव्हा ते तेवढं खोडलं. हे सगळं माझ्याच सुवाच्य अक्षरात.

खुशालराव मैदानात उभे राहिले, कमरेवर हात. "समोर काय आहे? काहीच नाही. आणि मागे एवढी फुलं. कोणासाठी? विहिरीसाठी?"

"सर, जुनी झाडं आहेत. हलवायची म्हणजे..." मी म्हटलं.

"जुनी काय अन् नवी काय. आपण धानाचे लोक आहोत, सर. एका जागचं उपटून दुसऱ्या जागी लावणं आपल्याला कोणी शिकवायचं? आपला जिल्हा आषाढात दुसरं करतो काय?"

वनस्पतिशास्त्राचे विनोद सर शेजारी उभे होते. त्यांचे सतरा शोधनिबंध छापून आलेले आहेत. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. विनोद सर म्हणाले, "स्थलांतरानंतर वनस्पतीला दोन-तीन दिवस मलूलपणा येतो. नंतर सावरते." मग त्यांनी विचारलं की झाडांच्या शास्त्रीय नावांच्या पाट्या कॉलेजच्या खर्चाने होतील का. होतील म्हटल्यावर त्यांचा विषय संपला. दुपारी सभा भरवून झाडं पुढे हलवायचं ठरलं; कार्यवृत्त मी लिहिलं.

धानाच्या लावणीचे, रोवण्याचे दिवस होते. गावात मजूर मिळत नव्हते. खुशालरावांच्या शेतावर मात्र रोवणाऱ्या बायांची टोळी बुधवारी मोकळी होत होती. त्यांनी ती गुरुवारी कॉलेजात आणली. त्याच गुरुवारी पेन्शनच्या कागदांसाठी कमळाबाईंना चंद्रपूरला जायला सांगण्यात आलं. हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. खुशालरावांनी मुद्दाम केलेलं मी आजवर काही पाहिलेलं नाही. त्यांच्या हातून सगळं सहजच होतं.

सकाळी आठला लोखंडी चाकं लावलेला त्यांचा ट्रॅक्टर फाटकातून आत आला. फाटकाजवळच्या फरशा फुटल्या. समोरच्या मैदानात रात्रभर मोटार लावून पाणी भरलं होतं. ट्रॅक्टरने तासभर गोल गोल फिरून मैदानाची चिखलणी केली. कडेने धुरे, म्हणजे मातीचे बांध घातले. नऊ वाजता आमच्या कॉलेजसमोर धान लावायला तयार अशी एक बांधी होती, मधोमध झेंड्याचा ओटा. दोन बगळे आलेही.

मागे टोळी वाफ्यात उतरली. टोळीची म्होरकी सीताबाई, साठीच्या आतबाहेर, कंबरेला पदर खोचलेला. तिने वाफा पाहिला, मग विहिरीपाशी छत्री धरून उभ्या असलेल्या खुशालरावांना पाहिलं.

"मालक, हे फुलाचे झाडं होत ना जी?"

"मग?"

"धानाचे पऱ्हे नोहोत."

"मला दिसतं ते. धानाच्या रोपांसारखंच करायचं. उपटा, मुळं झाडा, शेंडे खुडा, पेंढ्या बांधा, पाण्यात ठेवा. उद्या पट्टा पद्धतीने दोरी धरून लावा. सरळ ओळ आली पाहिजे. समिती येणार आहे."

"बरं बापा," सीताबाई म्हणाली. मग बायांकडे वळून, मालकाला ऐकू जाईल पण पकडता येणार नाही अशा आवाजात: "चाला वो. उद्या दगडं रोवा म्हनतीन त दगडंबी रोवू. उगवलं नाई त आपल्याले कोन पुसते?"

आणि त्यांनी रोवण्याची जी रीत आहे ती सगळी केली. निशिगंधाचे कंद मुठीत धरून ओढले, नडगीवर फटाफट आपटले, माती झाडली. शेवंतीचे जुने ठोंब उपटले, त्यांची केसांसारखी बारीक मुळं पाण्यात खळबळून पांढरी शुभ्र करून दाखवली. लिलीच्या पानांचे शेंडे विळ्याने कापले. मग सगळ्याच्या धानाच्या पऱ्ह्यासारख्या पेंढ्या बांधल्या आणि समोर नेऊन धुऱ्यावरून चिखलात भिरकावल्या. थप्प, थप्प. इतकं नीट, इतकं वेगात वाईट काम मी कधी पाहिलं नव्हतं. बायांच्या हातात दोष नव्हता. ते हात चाळीस वर्षं जिल्ह्याला भात खाऊ घालत आलेत.

मोगऱ्यापाशी आल्यावर सीताबाई थांबली. चर पाहिला. बसून बोटाने पालापाचोळा उकरला, आतली नवी पांढरी मुळं पाहिली आणि परत झाकली.

"हे कोनंतरी तयार करून ठेवलं हाय," ती म्हणाली. खुशालरावांना नाही. मला. "हेबी उपटाचं का जी, सर?"

वाक्य सोपं होतं, उत्तरही सोपं होतं. मी विहिरीकडे पाहिलं.

"सर," मी आवाज चढवून म्हटलं, "हा कमळाबाईंना दिलेला आहे. ठराव क्रमांक सात."

"माहीत आहे हो!" छत्रीखालून आवाज आला. "समोर लावू. तपासणी झाली की समोरून न्यावा बाईने. फाटक जवळ पडेल, तिचंच सोपं होईल. बरोबर ना?"

सीताबाई अजून माझ्याच तोंडाकडे पाहत होती. त्या वर्षी माझी बढतीची फाईल खुशालरावांच्या टेबलावर होती, हे मी कारण म्हणून सांगत नाही. तशी ती नेहमीच कोणाच्या ना कोणाच्या टेबलावर असते.

"बरोबर," मी म्हटलं.

मोगरा सहा बायांना उपटला नाही. मग ट्रॅक्टर मागे आणला, बुंध्याला दोर बांधला. पहिल्या झटक्याला दोर घसरला आणि साल निघाली, खाली ओलं पिवळं लाकूड दिसलं. दुसऱ्या झटक्याला आतून कडकड आवाज आला, जसा कोंबडीची तंगडी मोडताना येतो, आणि झाड आडवं झालं. माघापासून फुटलेली मुळं बहुतेक खड्ड्यातच राहिली. उरलेल्या गोळ्यावर विनोद सरांनी स्वतः नळीने पाणी मारून माती धुऊन काढली. "जुन्या मातीत जंतू असतात," ते म्हणाले.

शुक्रवारी दोरी धरून रोवणा झाला. ओळी खरंच सरळ आल्या. खुशालरावांनी फोटो काढले.

कमळाबाई शुक्रवारी दुपारी परत आल्या. मला वाटलं होतं, ओरडतील. मी तयारीही केली होती, माझ्याकडे दोन-तीन वाक्यं होती. त्या धुऱ्यावर उभ्या राहिल्या, चप्पल काढली, गुडघाभर चिखलात उतरून मोगऱ्यापाशी गेल्या. खोडाला नखाने खरवडून पाहिलं. मग खाली हात घालून मुळं चाचपली. बराच वेळ चाचपली.

परत आल्यावर त्यांनी मला एकच विचारलं. "सर, तुमी होते ना इथी?"

"होतो."

"मंग?"

मी म्हटलं, "जगेल, बाई. पावसाळा आहे."

त्यांनी परवानगी मागितली की मोगरा आत्ताच घरी नेऊ द्या, काही करून पाहीन. खुशालराव म्हणाले, सत्तावीसनंतर. ओळीत एक जागा रिकामी दिसेल.

पुढच्या तीन आठवड्यांचं वर्णन करताना मला माझ्या नाकावर विसंबून राहावं लागतं. निशिगंधाचे कंद आधी मऊ झाले, मग त्यांना बोट लावलं की आत जाऊ लागलं, मग त्यांतून पांढरट चिकट पाणी सुटलं. शेवंती काळी पडून चिखलावर केसांच्या गुंतवळासारखी पसरली. लिलीचे कांदे फुगून वर आले आणि तरंगू लागले. साचलेल्या पाण्यावर तेलकट तवंग, त्याखाली वळवळणारे डासांचे किडे. सडक्या कांद्याचा, मेल्या बेडकाचा आणि तुंबलेल्या गटाराचा असा एकत्र वास सुटला की पहिल्या वर्षाची मुलं खिडक्या लावून बसत, आणि खिडक्या लावल्या की आमचाच वास येई. कर्दळ तेवढी जगली. नुसती जगली नाही, लाल फुलं काढून उभी राहिली. कर्दळीला कुठेही चालतं. मला तिची किळस आली. मग लक्षात आलं की ती माझ्या टेबलाजवळच्या खिडकीतून दिसते, आणि कुठेही चालणारे तिथे आम्ही दोघंच.

प्रत्येक सडलेल्या ठोंबाशेजारी विनोद सरांची शास्त्रीय नावाची पाटी होती.

समिती आली. तिघांनी नाकाला रुमाल लावले. खुशालराव म्हणाले, "सेंद्रिय खत. आम्ही रसायनं वापरत नाही." एका सदस्यांनी वहीत काहीतरी टिपलं. दुसऱ्यांनी विचारलं, जेवणाची सोय कुठे केली आहे? बागेचा विषय एवढाच झाला. ज्यासाठी सगळं केलं ती बाग त्यांनी मोजून अर्धं मिनिट पाहिली, तीही कर्दळीकडे तोंड करून.

तीस तारखेच्या संध्याकाळी खुशालरावांनी मला आणि विनोद सरांना बोलावलं. "उद्या कमळाबाईंचा समारंभ. मोगरा द्यायचा आहे ना? ठराव आहे. पाहुणे येणार, संस्थेचे लोक येणार. जरा व्यवस्थित द्या. रंगवलेली कुंडी घ्या."

"सर, तो मेला आहे," मी म्हटलं.

"पूर्ण?"

विनोद सर म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या सांगता येणार नाही." मग आवाज खाली आणून, "पण वरून थोडी हिरवळ करता येईल. दुसऱ्या मोगऱ्याच्या फांद्या खोचल्या की झालं. फोटोपुरतं. सर, तुमच्याकडे आहे ना मोगरा?"

माझ्याकडे होता. माझी बायको नूतन हिने कुंपणाशी लावलेला. ती तेव्हा वरोऱ्याला तिच्या बहिणीकडे गेली होती. एकतीसच्या सकाळी मी कात्रीने सहा फांद्या तिरप्या कापल्या, दोन कळ्यांसकट. कॉलेजात आल्यावर चिखलातून मोगऱ्याचं काळं खोड उपटलं. या वेळी ट्रॅक्टर लागला नाही. दोन बोटांनी आलं. साल हातातच सुटून राहिली, आत भिजलेल्या बिस्किटासारखं लाकूड. ते कुंडीत ठेवलं, माती दाबली आणि सहा फांद्या हिरव्या दोऱ्याने खोडाला बांधल्या. विनोद सर मागे सरकून बघत होते. "डावीकडे थोडी विरळ आहे," ते म्हणाले. मी डावीकडची एक फांदी वळवली. काम छान झालं. हे मला मान्य करायला हवं: मला त्या वेळी थोडं बरं वाटलं. बाईला रिकाम्या हाताने पाठवण्यापेक्षा हे बरं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि माझा माझ्यावर विश्वास बसला.

समारंभ सभागृहात झाला. कमळाबाई निळी काठाची साडी नेसून आल्या होत्या. सोबत मुलगा अश्वजित, सून आणि विहारातल्या चार बाया. खुशालरावांनी वीस मिनिटं भाषण केलं, त्यात अठरा मिनिटं तपासणीवर. मग म्हणाले, "कमळाबाईंनी आपल्याकडे एकच मागितलं होतं. आणि हे कॉलेज शब्दाला जागतं." विनोद सरांनी कुंडी पुढे आणली. टाळ्या पडल्या. फोटोवाला खाली वाकला.

कमळाबाईंनी कुंडी घेतली नाही. त्या कुंडीजवळ वाकल्या. फांद्यांकडे त्यांनी फार वेळ पाहिलं नाही. एक फांदी चिमटीत धरून ओढली. दोऱ्यातून सरकत ती अलगद बाहेर आली, खाली माझा तिरपा काप.

टाळ्या एकेक करून थांबल्या.

"याले मुळं नाईत जी," त्या खुशालरावांना म्हणाल्या. रागाने नाही. फाईल चुकीच्या टेबलावर आली असं सांगावं, तशा आवाजात.

"फुटतील ना, बाई," खुशालराव हसत म्हणाले. "पावसाळा आहे."

कमळाबाईंनी उरलेल्या पाच फांद्याही काढल्या. सहाच्या सहा एका मुठीत घेतल्या, नाकाशी नेल्या, पानं उलटून पाहिली. मग मंचावर एका टोकाला आभाराचा कागद धरून बसलेल्या माझ्यापाशी आल्या.

"तुमच्या घरच्या होत ना, सर? नूतनबाईच्या." त्यांनी त्या माझ्या हातात दिल्या. "बाईनं जीव लावून वाढवला हाय तो. काऊन कापल्या?"

सगळे आमच्याकडे पाहत होते.

त्या परत कुंडीपाशी गेल्या. काळं खोड मातीतून उचललं, चिखल झटकला आणि तसंच काखेत धरलं, नव्या साडीला डाग पडला तरी. "हे माह्यं हाय," त्या म्हणाल्या, "ठरावातलं." आणि मंचावरून उतरल्या. अश्वजित उठला, सून उठली, विहारातल्या बाया उठल्या. दारातून बाहेर जाताना कोणी मागे वळून पाहिलं नाही.

खुशालराव माइकजवळ गेले. "भावनाविवश झाल्या बाई. साहजिक आहे. आता आभार."

मी उठलो. डाव्या हातात सहा फांद्या, उजव्या हातात कागद. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे आभार मानले. प्राचार्यांचे मानले, मार्गदर्शनाबद्दल. विनोद सरांचे मानले, कुंडीच्या सजावटीबद्दल. कागदावर तसं लिहिलेलं होतं आणि मी कागद आदल्या दिवशीच लिहिला होता. शेवटी ज्यांच्यासाठी कार्यक्रम होता त्या सत्कारमूर्तींचे आभार मानले, रिकाम्या खुर्चीकडे पाहून. अक्षर चांगलं असल्यामुळे कुठेही अडलो नाही.

मग अल्पोपाहार होता. फांद्या टेबलावर ठेवल्याशिवाय प्लेट धरता येत नव्हती, म्हणून ठेवल्या. समोसे गरम होते. मी दोन खाल्ले.